आणखी एक बोट पाहू

१८ जानेवारी

ही वही बोटींसाठी केली आहे. एका फेरीत दोन-तीन बोटी पाहिल्या की कुठली कुठून गळत होती याची घरी येईपर्यंत गल्लत होणार, म्हणून लिहून ठेवायचं. पण लिहायला बसले आणि वाटलं, आधी बोट कशाला हे तरी लिहावं.

हे गेले त्याला तीन वर्षं होतील. हे ज्या बोटीवर कामाला होते ती मालकाची, फायबरची, नवीकोरी. बाहेरून आरशासारखी. तिच्या तळाचे थर एकमेकांना नीट चिकटलेच नव्हते, हे मागाहून कळलं. भर समुद्रात तळ उलला. बाकीच्यांना दुसऱ्या बोटीनं उचललं. ह्यांना नाही.

तेव्हापासून मी शेडमध्ये लोकांची फाटकी जाळी सांधते आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, घरात बसून दाराच्या कडीला तेल घालतात. कडी आता इतकी गुळगुळीत झालीय की वाऱ्यानंही दार उघडतं. त्यांची स्वतःची बोट म्हातारी होऊन कधीच मोडीत निघाली.

परवा जेवता जेवता म्हणाले, "समुद्रावर रुसून पोट भरत नाही, पोरी."

"मग काय करायचं म्हणता?"

"सुकाणू तू धर. जाळं मी ओढतो."

लग्नाआधी वडिलांच्या बोटीवर सुकाणू मीच धरायचे, त्यामुळे त्यात नवीन काही नाही. मी एकच अट घातली, बोट फळी न फळी तपासून घ्यायची. या हंगामात नाही मिळाली तर नाही मिळाली, मी आहे आणि माझी शेड आहे. मामंजी म्हणाले, "तपासायला माझ्याकडे माणूस आहे."

पैसे कुठून आले ते इथं लिहिणार नाही. दोन माणसांनी पोटाला चिमटा काढला, एवढं पुरे.

२३ जानेवारी

मामंजींचा माणूस पाहिला. खाडीच्या तोंडाशी ज्याची शेड आहे तो बोटींचा मिस्त्री. येता-जाता पाहिलेला होताच, पण बोलले कधी नव्हते. चाळिशीचा असेल. आई अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं यानं एकट्यानं केलं, त्यात लग्न राहून गेलं असं लोक सांगतात. ती मागच्या वर्षी गेली. बोलणं इतकं कमी, की "नमस्कार" म्हटल्यावर त्याला बसून विश्रांती घ्यावी लागत असेल.

मामंजींनी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि लाकडावरून हात फिरवत होता. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, बोट मी पाहीन. पण वाईट असली तर वाईटच सांगेन. मग कुणाला राग आला तरी."

मी म्हटलं, "त्याचसाठी तर आलो."

नवी घ्यावी की जुनी, यावर मामंजींचं मत पक्कं आहे. जुनं ते सोनं. मिस्त्री म्हणाला, "जुनं ते जुनं, काका. सोनं आहे का ते टोचून बघायचं."

२ फेब्रुवारी

पहिली बोट. नवी, फायबरची, आकाशी रंगाची. विकणारा इतका गोड बोलत होता की मुंग्या लागाव्यात. "ताई, हात फिरवा, लोणी आहे लोणी!"

मिस्त्रीनं हात फिरवला नाही. बोटांच्या सांध्यांनी ठिकठिकाणी वाजवून पाहिली. कुठे भरीव आवाज, कुठे पोकळ, कणगीवर मारल्यासारखा. मग तो आत उतरला, तळात आडवा झाला आणि आतून हाक मारली, "वहिनी, उन्हाच्या बाजूला जाऊन बाहेरून हात टेकवा जरा."

मी टेकवला.

"दिसताहेत. पाचही बोटं दिसताहेत."

एवढी पातळ! कागदी कंदिलासारखी. नंतर जरा वेळ आतून काहीच आवाज नाही. मी विचारलं, "हात काढू का?" तर म्हणाला, "हो... काढा." बाहेर आला तेव्हा चेहरा लाल झाला होता. आत फारच उकडत असणार.

मामंजी विकणाऱ्याला म्हणाले, "भल्या माणसा, बोटीतून बोटं दिसली, आता काय बघायचं राहिलं?" आणि घरी येईपर्यंत आपल्याच विनोदावर हसत होते.

मी हसले, पण रात्री भूक लागली नाही. त्या आकाशी बोटीत कुणाचा तरी नवरा बसणार आहे.

९ फेब्रुवारी

दुसरी. जुनी, लाकडी. काय देखणी होती! पुढचं टोक असं उचललेलं, की उभ्या जागी निघाल्यासारखी वाटावी. मामंजींनी तिला पाहून टोपी काढली. मालक त्यांच्याच वयाचा. दोघं बोटीला टेकून अशा गप्पा मारायला लागले जसे एका आईचे.

मी आणि मिस्त्री खाली शिरलो. त्याच्याजवळ लाकडी मुठीचा एक टोच्या आहे. त्यानं मला तो दिला, म्हणाला, "तुम्हीच बघा. दुसऱ्याचं ऐकून बोट घेऊ नये." बाहेरच्या फळ्या चांगल्या निघाल्या. मग तळाची एक फळी सोडवून आतल्या बरगड्यांना टोच्या लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. भिजल्या बिस्किटात जावा तसा. रंगावर रंग, त्यावर रंग, आणि आत भुसा.

मी म्हटलं, "ही रंगाच्या जिवावर उभी आहे."

मिस्त्री म्हणाला, "आमच्या धंद्यात पुष्कळ माणसं तशीच उभी आहेत." हा माणूस विनोद करतो हे मला माहीत नव्हतं. मला हसू आवरेना, आणि उठताना डोकं तळाला आपटलं. त्यानं पटकन तिथे स्वतःचा हात धरला, पण आपटून झाल्यावर. मग त्याचंच त्याला हसू आलं.

बाहेर आलो तर मामंजी खोक्यावर बसून आमच्याकडेच बघत होते आणि डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, वाऱ्यानं वाळू गेली. वारा मुळीच नव्हता. त्यांचे डोळे हल्ली सारखे पाणावतात, दवाखान्यात दाखवून घ्यायला हवं.

मालकाला नाही म्हणणं जड गेलं. ते काम मिस्त्रीनं केलं. बरगड्यांचं काही बोललाच नाही, एवढंच म्हणाला, "आजोबा, हिनं खूप काम केलं. आता हिला काठावरच ठेवा." म्हातारा मान हलवत राहिला. त्याला ठाऊक असावं.

१५ फेब्रुवारी

तिसरी बोट नवी, लाकडीच. दुरूनच नापास झाली. ओल्या लाकडाची घाईघाईनं बांधलेली, वाळल्यावर फळ्यांच्या मध्ये फटी पडल्या आणि त्यात रंगाऱ्याची लांबी भरलेली. खिळे साध्या लोखंडाचे, आत्ताच गंज ओघळलाय. मिस्त्री बोटीभोवती एक चक्कर मारून परत आला. पण तिथून आम्ही लगेच निघालो नाही, कारण मामंजींना अचानक चहा हवा झाला, आणि चहाच्या टपरीवर त्यांना त्यांचा कुणी जुना दोस्त भेटला, आणि मी नि मिस्त्री बाकावर असे बसून राहिलो.

बोलायचं काय? मी विचारलं, चांगलं लाकूड ओळखायचं कसं. तो सांगायला लागला. लाकडाबद्दल बोलायला लागला की हा वेगळाच माणूस होतो. वजन, वास, रेषा, झाड उताराला वाढलेलं की सपाटीला. चहा गार झाला, कुणाच्या लक्षात नाही. मला यातलं निम्मं तरी लिहून ठेवायला हवं होतं, पण आता आठवतो तो फक्त त्याचा हात, हवेत फळी धरल्यासारखा.

मामंजींचा दोस्त काही मला दिसला नाही. टपरीच्या मागे होता म्हणे.

२० फेब्रुवारी

आज शेडमधून आले तर मिस्त्री घरी बसलेला. बोट नव्हती, काही नव्हतं. मामंजींनी बोलावलं होतं, खिडकी घासते म्हणून. खिडकी चांगली उघडत होती की!

मी चहा केला. निघताना म्हणाला, "येतो मग." पूर्वी "येतो वहिनी" म्हणायचा. हल्ली मला काही म्हणतच नाही. त्या जुन्या बोटीखाली हाक मारायची वेळ आली तर "अहो, इकडे बघा" म्हणाला. "अहो" काय! माणसाला नीट संबोधावं. मी मामंजींना म्हटलं तर ते कडीला तेल घालायला गेले.

१ मार्च

चौथी बोट जुनी आणि फायबरची. हे मला नवीन कळलं. फायबर आलं तेव्हा बांधणाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी भीतीपोटी थरावर थर दिले. त्या बोटी जाड आणि जड, पण टिकल्या. पुढे हात सरावले आणि थर कमी झाले. मिस्त्री म्हणाला, "भीतीनं बांधलेली बोट चांगली असते. आपण फार हुशार आहोत असं वाटलं की माणूस काटकसर करतो."

या बोटीचं अंग दणदणीत होतं. खोट एकच, इंजिन ज्या मागच्या फळीला लागतं ती आतून पाणी पिऊन मऊ झालेली. मिस्त्री म्हणाला, बदलता येईल, पण वेळ लागेल. मला वाटलं, चला, हीच. तर मामंजींना तिचं तोंड आवडलं नाही!

"तोंड?"

"उर्मट आहे. बघ ना."

मी बघितलं. बोटीसारखी बोट. मी म्हटलं, "मामंजी, हंगाम सरत चालला."

"आणखी एक पाहू. पाहण्यात गंमत असते. एकदा घेतली की पाहणं संपलं. लग्न आणि बोट घाईत ठरवू नये."

"माझं लग्न तर तुम्ही एका दुपारी ठरवलंत!"

"ते वाईट झालं का?" ते म्हणाले. वाईट नव्हतं झालं. चांगलं होतं ते. थोडं होतं, पण चांगलं होतं.

मिस्त्री पुढे चालत होता. त्यानं ऐकलं असेल की नाही कोण जाणे. चालणं हळू केलं त्यानं, एवढं मात्र खरं.

७ मार्च

शेडमधली माझ्या शेजारी बसणारी बाई आज विचारते, "काय गं, अजून बोटीच बघताय का?" आणि बाकीच्या खाली मान घालून फिदीफिदी. यात हसण्यासारखं काय? चार बोटी काही फार नाहीत.

एक सांगायचं राहिलं. चौथी बोट पाहिली त्या दिवशी मिस्त्रीनं माझ्या तळहाताचं माप घेतलं. बोट कुठलीही घेतली तरी सुकाणूची मूठ माझ्या हाताच्या मापाची हवी, नाहीतर मनगट दुखतं, असं त्याचं म्हणणं. दोरा गुंडाळून माप घेतलं. मग तो दोरा त्यानं घडी करून खिशात ठेवला. पेनानं आकडा लिहिला असता तरी चाललं असतं. पण प्रत्येकाची कामाची पद्धत असते.

१६ मार्च

आज पाचवी पाहिली. काय घडलं ते नीट लिहिते, कारण मला अजून उलगडा होत नाही.

ही बोट दोन भावांची. सहा-सात वर्षांची, म्हणजे नवीही नाही आणि जुनीही नाही. लाकडी बरगड्या, वरून फायबर, सगळं दोघांनी स्वतःसाठी बांधलेलं. धाकटा भाऊ मुलीकडे राहायला चाललाय आणि थोरल्याला एकट्याला झेपत नाही. विकताना दोघांनीही तिची तारीफ केली नाही. थोरला म्हणाला, "जे काय आहे ते तिच्यातच आहे. बघा."

मिस्त्रीनं सकाळपासून पाहायला घेतलं. वाजवलं, टोचलं, आरशाचा तुकडा आत घालून जिथे डोळा पोचत नाही तिथलं पाहिलं. इंजिनाखाली, बरगडीच्या मागे, जिथे बांधणारे सहसा चोरी करतात अशा सगळ्या जागी. मीही टोच्या घेऊन मागे मागे. दुपार कलली. तो हळूहळू गप्प होत गेला. मला वाटलं काहीतरी भयंकर सापडलं.

मग बोट पाण्यात घातली. मी सुकाणू धरलं. मामंजी पुढे बसले. मिस्त्रीला म्हटलं चला, तर तो धक्क्यावरच थांबला. बुटांना पाणी लागेल म्हणून असेल. खाडीच्या बाहेर पहिली लाट आली, बोट तिच्यावर चढली आणि अलगद उतरली. कुठे करकर नाही, कुठे थरथर नाही. माझ्या हातातलं सुकाणू जिवंत झालं. मी किती दिवसांनी मोठ्यानं हसले.

परत आलो. मामंजी उतरले आणि बोटीत खोट काढायला लागले. रंग मळखाऊ आहे. इंजिन खोकतं. बसायची फळी आखूड आहे. मी हतबुद्ध. ते मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "सांग रे तिला. आणखी एक पाहायला हवी ना?"

मिस्त्री जमिनीकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हीच घ्या. हिच्यात दोष नाही."

"नीट पाहिलंस का?" मामंजी.

"काका, दिवसभर दोषच शोधत होतो. सापडावा असं वाटत होतं. नाही सापडला. खोटं कसं सांगू? यांचा जीव हिच्या भरवशावर असणार आहे."

मामंजी त्याला सगळ्यांसमोर "गाढवा!" म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

दोष सापडावा असं त्याला का वाटत होतं? आणि चांगली बोट मिळाली म्हणून मामंजी चिडले का? बोट घेतली. मी खूश आहे. खूश असायला हवं. पण धक्क्यावरून परतताना मिस्त्रीनं हत्यारं पिशवीत एक एक करून इतकी सावकाश भरली, की मलाच कसंतरी झालं.

२१ मार्च

मिस्त्री येऊन सुकाणूला नवी मूठ बसवून गेला. मी शेडमध्ये होते तेव्हा. संध्याकाळी मी हात ठेवून पाहिला. बोटं आपोआप आपापल्या जागी गेली.

मजुरी घेतली नाही म्हणे.

३० मार्च

काही विशेष नाही. बोट धुतली. जाळी तयार केली. मामंजी माझ्याशी धड बोलत नाहीत. खिडकी खरंच घासायला लागली आहे, पण कुणाला बोलवायचं मला सुचत नाही.

टपरीवर एकटीनं चहा प्यायले. गार झाला.

२ एप्रिल

आज मामंजींना समोर बसवलं. म्हटलं, "तुम्ही त्या माणसाला गाढव म्हणालात. त्यानं आपल्याला चांगली बोट मिळवून दिली. जाऊन माफी मागा."

ते म्हणाले, "मागून झाली. दुसऱ्याच दिवशी."

"मग तो येत का नाही?"

"कशाला येईल? बोट मिळाली. पाहणं संपलं." आणि मग माझ्याकडे बघून असे हसले, जसं लहान मुलाला बेरीज येत नाही तेव्हा हसतात. "पोरी, त्या जुन्या फायबरच्या बोटीचं तोंड काही उर्मट नव्हतं गं."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा आधी कान तापले, मग राग आला. इतका राग आला, की काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं आठवतं, मी म्हणाले, "मी तुम्हाला जड झाले का? घरातून काढायचंय मला?"

मामंजी उठले. त्यांना बसल्या जागेवरून उठायला त्रास होतो, तरी उठून माझ्याजवळ येऊन बसले.

"माझा मुलगा गेला," ते म्हणाले. "तुला माहेरी जाता आलं असतं. तू गेली नाहीस. त्या दिवसापासून तू माझी सून नाहीस, मुलगी आहेस. मग मुलीचं बघायचं नाही तर बापानं करायचं काय? कडीला तेल घालायचं?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"तू त्या बोटीखाली हसलीस ना, डोकं आपटल्यावर. तो आवाज मी विसरून गेलो होतो गं. मला माझ्या मुलाची आठवण आली, आणि बरंही वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. सगळं एकदमच." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि या खेपेला त्यांनी वाळूचं नाव सांगितलं नाही.

मग म्हणाले, "मी त्याला विचारलं, गाढवा, एक खोटा दोष काढला असतास तर काय बिघडलं असतं? तर म्हणतो, काका, मग तुम्ही दुसरी घेतली असती, आणि ती वाईट निघाली असती तर? मला त्या रोज भेटल्या नाहीत तरी चालेल, रोज परत आल्या पाहिजेत."

मी उठून मोरीत गेले आणि भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासली.

५ एप्रिल

तीन दिवस ह्यांच्याशी मनात बोलते आहे. हे काही उत्तर देत नाहीत. जिवंत असतानाही हे पटकन उत्तर द्यायचे नाहीत, डोकं खाजवून "बघू" म्हणायचे. तेच "बघू" ऐकू येतं. त्यात राग नाही.

मला भीती वाटते. कशाची, ते मांडायला गेलं तर हाती लागत नाही. लोक काय म्हणतील याची नाही. लोक तर मी सुकाणू धरणार म्हणूनही बोलतच आहेत. पुन्हा कुणी आपलं झालं की पुन्हा ते गमावता येतं, त्याची असेल.

८ एप्रिल

आज शेड सुटल्यावर पाय खाडीकडे वळले. मी वळवले नाहीत असं लिहिणार होते, पण मीच वळवले.

मिस्त्री रंधा मारत होता. मला पाहून हात थांबला.

"बोटीला काही झालं का?"

"नाही."

"गळते?"

"थेंबसुद्धा नाही."

"मूठ? सैल झाली असेल."

"छान आहे मूठ."

त्यानं आजूबाजूला पाहिलं, जसं काही अजून एखादा दोष कुठे पडलेला असेल. "मग?"

"मग काही नाही. तुम्ही येत नाही, म्हणून मी आले."

तो खाली बसला. भुशातच. मीही एका फळीवर बसले. मग तो म्हणाला, "काकांनी सांगितलं वाटतं."

"सांगितलं. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"काय तोंडानं सांगणार? तुम्ही समुद्रावरच्या. आणि मी..." त्यानं रंधा उचलून बाजूला ठेवला. "कुणाला सांगू नका. मला बोट लागते."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय होतं?"

"बोट लागते. खाडीच्या तोंडापर्यंत गेलो तरी उलट्या होतात. लहानपणापासून. म्हणून तर काठावर बसून बोटी बांधतो. त्या दिवशी तुम्ही चला म्हणालात आणि मला धरणी दुभंगावी असं झालं."

आणि मी समजत होते बुटांचं! मला इतकं हसू लोटलं की पोटात कळ आली. जन्मभर बोटी बांधणाऱ्या माणसाला बोट लागते! तो आधी ओशाळला, मग तोही हसायला लागला, आणि आमच्या हसण्यानं छपरावरची कबुतरं उडाली.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "असा माणूस तुमच्या काय कामाचा?"

तेव्हा मी त्याला ते सांगितलं, जे आजवर मामंजींनाही सांगितलं नव्हतं. ह्यांची बोट यायची होती त्या संध्याकाळी मी धक्क्यावर उभी होते. सगळ्या बोटी आल्या, बायका आपापली माणसं घेऊन घरी गेल्या, आणि मी उभीच. पुढे कितीतरी दिवस स्वप्नातसुद्धा मी उभीच असायचे. "मला समुद्रावर जाणारं माणूस नको," मी म्हटलं. "मी जाईन. तुम्ही काठावर राहा."

त्यानं मान हलवली. "राहीन," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पण काका?"

"काका माझ्याबरोबरच. घरही तेच. खिडकी घासतेय तिथली, बघा कधी."

उठताना त्यानं माझ्या साडीला चिकटलेला भुसा झटकायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. मी म्हटलं, "झटका. नाहीतर शेडमधल्या बायका उद्या मला जगू द्यायच्या नाहीत."

१४ एप्रिल

मासेमारीचा पहिला दिवस. हात दुखतात, पाठ दुखते, तरी लिहिणार.

पहाटे निघालो. मामंजी पुढे ताठ बसले होते, जसे काही तेच बोट ओढून नेताहेत. खाडी ओलांडली तेव्हा एकदा मागे वळून म्हणाले, "सावकाश घे, सूनबाई." मग स्वतःलाच दुरुस्त केलं, "पोरी." ह्यांचं जिथं झालं तिकडून जायचा रस्ता आहे. मी इंजिन मंद केलं. पाणी नेहमीसारखंच होतं. मग पुढे गेलो.

मासळी बेताची मिळाली. मामंजींनी जाळं ओढताना दम लागला हे लपवलं आणि मी पाहिलं नाही असं दाखवलं. परतताना वारा उलटा होता, त्यामुळे उशीर झाला. बाकीच्या बोटी लागलेल्या. धक्का रिकामा होत आला होता.

पण रिकामा नव्हता. टोकाला तो उभा होता. दुरून नुसती आकृती दिसत होती. आम्ही दिसलो तसा त्यानं हात वर केला नाही, की हाक मारली नाही. फक्त बसला. आत्तापर्यंत उभा होता आणि आम्ही दिसल्यावर मटकन खाली बसला. तसं उभं राहणं मी ओळखते.

मी दोर फेकला. त्यानं झेलला, आणि मोठ्या ऐटीत खुंट्याला गाठ मारली. मामंजी गाठीकडे बघून म्हणाले, "अरे, ही काय शेळी बांधलीस?" बोट जरा हलली आणि गाठ सुटलीच. तो दोर धरून धक्क्यावर घसरत निघाला, मामंजी ओरडताहेत, मी उडी मारून खुंटा गाठला. मग त्याचे हात धरून दाखवलं, असा वळसा, खालून असा काढायचा, आता ओढा. त्यानं पुन्हा केली. पुन्हा चुकली. पुन्हा केली.

"जमत नाही हो," तो म्हणाला.

"आज नाही जमली," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळी परत दाखवते."